मामांचा सेंटर-फॉरवर्ड

जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगच्या मराठी मंडळींत आमच्या मामेसासऱ्यांइतका दमवणारा माणूस दुसरा झाला नाही, आणि त्यांच्याबरोबर एखादा रविवार काढलेला कोणीही हे शपथेवर सांगेल. खरं तर मामा जोरात बोलत नाहीत, कुणाला सल्ले देत नाहीत, स्वतःच्या आजारांची वर्णनंही ऐकवत नाहीत. दमवतो तो त्यांचा सेंटर-फॉरवर्ड. हा गृहस्थ ऑस्ट्रियाचा फुटबॉलपटू. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात व्हिएन्नात गोल मारायचा आणि पाय थकल्यावर कोच झाला. आमच्यापैकी कोणी त्याचं नाव ऐकलेलं नव्हतं. ऑफिसातल्या एका ऑस्ट्रियन सहकाऱ्याला विचारून पाहिलं, तर त्यानेही ऐकलेलं नव्हतं. मामांना मात्र कुठूनही निघालं तरी त्याच्यापाशी पोहोचता येतं. गणपतीच्या आरतीनंतर कोणी प्रसादाच्या शिऱ्यात साखर कमी आहे म्हणालं, की मामा युद्धानंतरच्या टंचाईत त्याचे खेळाडू काय खात, तिथून सुरुवात करणार. दातांच्या डॉक्टरकडे तोंडात हत्यारं असतानाही ते काहीतरी सांगत होते म्हणे, आणि डॉक्टरीणबाई ‘अगदी बरोबर’ अशा अर्थाने गेनाऊ, गेनाऊ म्हणत होत्या.

यात गंमत अशी, की मामांना त्याच्या गोलांचं काडीचं कौतुक नाही. “गोल काय, पंचविशीत कोणीही मारतो,” ते म्हणतात. “पुढची चाळीस वर्षं माणसाने करायचं काय, ते बोला.” आणि पुढची वर्षं म्हणजे नुसती घसरण होती. एका क्लबाने हार घालून बोलवायचं आणि ओळीने दोन-तीन सामने हरला की हातात नारळ द्यायचा. मग त्याहून लहान गाव, त्याहून लहान मैदान. असं करत करत स्वारी स्वित्झर्लंडमार्गे जर्मनीत आली. मामा मोटारींच्या गिअरबॉक्सवर आयुष्य घालवून निवृत्त झालेले, मामी गेलेल्या. लेक म्युनिकजवळ उंटरश्लाइसहाइमला असते. बाबांनी एकटं राहू नये म्हणून तिने एक खोली रंगवून ठेवली होती आणि दर आठवड्याला फोन करून कधी येताय विचारायची. मामांचं उत्तर ठरलेलं: त्याची काही गावं बघायची राहिली आहेत, ती झाली की येतो.

ही गावं बघायला मला नेत. बायकोचे मामा, नाही कसं म्हणणार? भाचीकडे चहाला यायचं तरी आधी टेर्मिन, म्हणजे भेटीची वेळ, घेणारा हा माणूस, पण या क्लबांच्या दारात मात्र न कळवता उभा राहायचा. “त्याला काढताना कुठे टेर्मिन दिला होता?” असं वर मलाच विचारायचे. दोन भारतीय दारात दिसले की क्लबवाले नमस्काराच्याही आधी सांगत, क्रिकेटसाठी मैदान मिळणार नाही, गवत खराब होतं. आम्हाला क्रिकेट नको आहे हे पटवण्यात अर्धा तास जाई. एकदा पटलं की त्या आनंदात कॉफी मिळायची.

शेवटचं गाव हार्झच्या डोंगरांच्या पायथ्याशी होतं. गाडी रद्द, तिच्याऐवजी आलेली बस उशिरा, वर भुरभुर पाऊस. माझा जीव अगदी मेटाकुटीला आला होता. पण तिथे क्लबाच्या खोलीत एक म्हातारबुवा भेटले, जे पोरवयात आपल्या सेंटर-फॉरवर्डच्या हाताखाली खेळले होते. मामांनी त्यांच्यापुढे बेसनलाडूंचा डबा ठेवला आणि तो आक्रमण कसं रचायचा ते विचारलं. म्हातारबुवांना त्यातलं काही आठवेना. त्यांना आठवत होतं ते निराळंच. इथून काढल्यावर तो पुढे कुठे गेलाच नाही. मैदानाजवळच खोली घेऊन राहिला. रोज संध्याकाळी सरावाच्या वेळी हॅट घालून कठड्याबाहेर उभा राहायचा.

“त्याला कोणी काही विचारायचं?” मामांनी विचारलं.

म्हातारबुवांनी लाडू चावत जरा विचार केला. “नाइन, कोणीच नाही. पण आम्ही सगळे नमस्कार करायचो. सगळे अगदी सभ्य होते.”

मामांनी लाडूंचा डबा त्यांच्याकडेच राहू दिला आणि ते उठले. परतीच्या बसची वाट बघताना ते बराच वेळ गप्प होते, आणि ते गप्प असलेले मला सहन होईना. शेवटी म्हणाले, “जावईबापू, आमचे म्युनिकचे जावई चांगले आहेत हो. लेक जीव टाकते. नातू दार उघडतो, हालो म्हणतो, आपल्या खोलीत जातो. सगळे अगदी सभ्य आहेत.”

मला फार वाईट वाटलं. तेवढ्यात बस आली.

गावं संपली होती आणि मामा दिल्या शब्दाला जागणारे. दिवाळीनंतर ते लेकीकडे राहायला गेले. माझे रविवार मोकळे झाले, झोपही भरपूर मिळते, तरी दमल्यासारखं वाटायचं काही जात नाही. मग दुपारी मी फोन लावतो. तब्येत वगैरे विचारत नाही, ती विचारायला लेक आहे. मी विचारतो, “मामा, त्याला स्वित्झर्लंडमधून नेमकं का काढलं हो?” हे मला तोंडपाठ आहे आणि ते मामांनाही ठाऊक असावं. मग ते घसा साफ करून “आल्झो, तर जावईबापू,” म्हणतात, आणि मी खुर्ची ओढून बसतो.