मागच्या गाडीतली जागा

"हात वर कर. गोल फिर. आता चपला काढ."

गिरगावातल्या एका सोसायटीच्या फाटकात मी हात वर करून उभी. पोलिसांनी पकडलेल्या बाईसारखी. वॉचमनच्या पाठीला झाडांवर औषध मारायचा पंप. त्यात जिने धुवायचं क्लोरीनचं पाणी. ते त्याने माझ्या अंगावर मारलं. पाठीवर, छातीवर, केसांवर. डोळ्यांत गेलं तशी मी हात खाली घेतले.

"हात खाली घेऊ नकोस," वरून आवाज आला.

दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत वहिनी उभ्या होत्या. हातात मोबाइल. त्या माझा व्हिडिओ काढत होत्या. सोसायटीच्या ग्रुपवर टाकायला. आमच्याकडे येणारी बाई कशी स्वच्छ करून वर घेतो, ते सगळ्यांना दिसायला हवं ना.

कोरोनाचं पहिलं वर्ष होतं. टाळेबंदी थोडी सैल झाली होती. आजारी माणसांची सेवा करणाऱ्या बायकांना कामावर जायची परवानगी होती. मी लालबागच्या चाळीतून सकाळी निघायचे आणि चिंचपोकळी, भायखळा करत गिरगावपर्यंत चालत यायचे. वहिनींच्या सासूबाई, म्हणजे आजी, एकदा पडल्या होत्या. खुबा मोडलेला. त्यांना अंघोळ घालणं, औषधं देणं, ताप-बीपी बघून वहीत लिहिणं, हे माझं काम. सहा महिन्यांचा रुग्णसेवेचा कोर्स मी केलेला आहे. पण त्या घरात मी 'बाई'. "बाई आली का?" "बाईला सांग."

घर जुनं, नावाजलेलं. पणजोबांच्या वेळेपासून सरकारी हुद्दे. भिंतीवर पगडीवाले फोटो. आजार यायच्या आधी, कामाच्या पहिल्याच दिवशी वहिनींनी माझं आडनाव विचारलं होतं. मी सांगितलं. त्या "अच्छा" म्हणाल्या, एवढंच. दुसऱ्या दिवशी माझा कप वॉशबेसिनखाली ठेवलेला दिसला. तेव्हा त्या निदान शरमत होत्या. "हा मोठा कप आहे ना, तुला चहा जास्त लागतो म्हणून," असं काहीतरी म्हणायच्या. आजार आला आणि ती शरमही गेली. विटाळाला सॅनिटायझरचा वास आला. आता लांब उभी राहा म्हणणं हे शहाणपण झालं.

तीन आठवडे मी रोज गोल फिरले. रोज. घरी सासू होती, दम्याची. मुलगी नववीत. नवरा हॉटेलात कामाला होता, ते हॉटेल बंद. मी फिरले नसते तर काय केलं असतं?

मग एका शुक्रवारी आजींनी ताट बाजूला सारलं.

आजींचं नाक म्हणजे नाक. मासळी ताजी की कालची, हे त्या पिशवी उघडायच्या आधी सांगायच्या. त्या दिवशी कोलंबीचं कालवण होतं. दोन घास खाल्ले आणि म्हणाल्या, "आज यात काही घातलं नाही का गं? नुसतं गरम पाणी लागतंय."

मी वाकून त्यांच्या नाकाशी बाम धरला. "वास येतोय?"

"कसला?"

मी वहिनींना सांगितलं. त्या म्हणाल्या, "वय झालंय त्यांचं. तू डॉक्टर आहेस का?"

शनिवारी आजींना ताप. शंभरच्या वर. मी वहीत लिहिलं, वेळेसकट. संध्याकाळी पुन्हा बघितला, पुन्हा लिहिला. खोकला सुरू झाला होता, कोरडा.

रविवारी मी फाटकात आले आणि सवयीने हात वर केले. वॉचमनने मान हलवली. "नहीं नहीं. मॅडम ने मना किया है. सीधा ऊपर जाओ."

मी तिथेच उभी राहिले. जा म्हटलं तरी पाय निघेना.

वर दार उघडंच. वहिनी म्हणाल्या, "ये ताई. दमलीस ना चालून? बस आधी."

ताई. आणि खुर्ची. आणि चहा, बशीसकट, घरातल्या कपातून.

माझे वडील परळच्या एका दवाखान्यात वॉर्डबॉय होते. ते म्हणायचे, "मोठा डॉक्टर ज्या दिवशी नावाने हाक मारतो ना, त्या दिवशी समजायचं, मढं उचलायचंय." मी तो चहा प्यायले नाही. तसाच थंड होऊ दिला.

"आपण सगळे अलिबागच्या बंगल्यावर जातोय," वहिनी म्हणाल्या. "इथे किती वाढलंय बघतेस ना. तूही चल. दोन-तीन महिने. तुला वेगळी खोली, वेगळी बाथरूम. समुद्राची हवा. तुझ्या त्या चाळीत काय आहे? चार-चार घरं सील झालीत म्हणे."

खोटं नव्हतं ते. आमच्या मजल्यावर संडास सामाईक. तिथल्या रांगेत उभं राहताना मी श्वास रोखून धरायचे. वेगळी बाथरूम म्हटल्यावर माझं मन क्षणभर हललं, हे मी लपवणार नाही.

"कधी निघायचं?"

"मंगळवारी सकाळी. पास काढलाय. दोन गाड्या आहेत. आम्ही आणि मुलं पुढच्या गाडीत. तू आईंबरोबर मागच्या गाडीत."

"मागच्या गाडीत आणखी कोण?"

"ड्रायव्हर. मोकळं बसता येईल तुम्हाला."

आजींना नातवंडांशिवाय दोन मिनिटं करमत नाही. नातवंडं पुढच्या गाडीत. मुलगा पुढच्या गाडीत. मागे आजी आणि मी. मी आत जाऊन आजींचा ताप बघायला थर्मामीटर शोधला. जागेवर नव्हता.

"बिघडलाय," वहिनी दारातूनच म्हणाल्या. गेले दोन दिवस त्या आजींच्या खोलीचा उंबरा ओलांडत नव्हत्या. ते माझ्या तेव्हा लक्षात आलं. त्या दिवशी वहीत खोकला आणि बीपी एवढंच लिहिलं.

घरी गेले. सासूला सगळं सांगितलं. ती मूळची मालवणकडची, मुंबईत चाळीस वर्षं काढली तरी बोली सोडली नाही. ती आधी म्हणाली, "जा गो बाय. हयसर ऱ्हवान तरी काय करतलंस? थंय हवा तरी बरी." मग पान लावता लावता म्हणाली, "पण तुकाच कित्याक न्हेतत? तेंका दुसरा कोण मिळाक नाय? कालपर्यंत फवारित होते ना तुका?"

मी म्हटलं, "तेच मला कळत नाही."

"कळता तुका," ती म्हणाली. "तोंडातसून भायर काडूक भितंस."

सोमवारी गेले ती ठरवून. जायचं की नाही ते नव्हतं ठरलं. आधी बघायचं, एवढं ठरलं होतं.

आजी उशीला टेकून बसल्या होत्या. बोलताना मध्येच थांबायच्या. ज्या ब्युरोतून मला हे काम मिळालं होतं, त्यांनी आम्हा बायकांना बोटाला लावायचं ऑक्सिमीटर दिलं होतं, ते माझ्या पिशवीत असायचं. लावलं. ब्याण्णव. बोट पुसून पुन्हा लावलं. एक्क्याण्णव.

लिहायला वही उघडली. शुक्रवार, शनिवार, रविवार. तिन्ही पानं नव्हती. फाडलेली. शिवणीशी कागदाचे दोरे राहिले होते.

माझं अक्षर होतं ते. माझी वेळ, माझी सही. कोणीतरी बसून, नीट, एकेक पान फाडलं होतं.

टेबलावर प्रवासाची कागदपत्रं पडली होती. प्रत्येकाचा डॉक्टरचा दाखला. ताप नाही, खोकला नाही, प्रवासास योग्य. आजींच्या नावाचाही. आणि माझ्याही नावाचा. मला कोणत्याही डॉक्टरने बघितलं नव्हतं. माझं वयसुद्धा चुकीचं लिहिलं होतं.

बाहेर साहेब, म्हणजे आजींचा मुलगा, बंगल्यावरच्या माळ्याशी फोनवर बोलत होते. दार लोटलेलं होतं, पण आवाज येत होता.

"आई एकदम ठीक आहे. नाही नाही, आमच्याकडे कोणालाच काही नाही. एक बाई येतेय बरोबर, लालबागची आहे. तिला मागच्या खोलीत ठेव. तिच्यापासून जरा जपून राहा. तिकडे फार आहे ना."

तेव्हा सगळं जुळलं. पोलिसांना दाखवायला दाखले होते, त्यांत आम्ही सगळे धडधाकट. आणि नंतरसाठी एक गोष्ट तयार होती. आजी तिकडे पडल्या तर कोणी आणलं? लालबागच्या बाईने आणलं. म्हणून फवारणी बंद. म्हणून ताई. खिडक्या लावलेल्या गाडीत तीन तास आजारी माणसाला मांडीवर घेऊन मी बसायचं, आणि उतरल्यावर आजार माझाच असायचा.

मी बाहेर आले.

"वहिनी, आजींची टेस्ट केली का?"

"कशाला?"

"वास नाही, ताप आहे, ऑक्सिजन एक्क्याण्णव आहे. टेस्ट करायला पाहिजे."

त्या साहेबांकडे बघत म्हणाल्या, "टेस्ट केली तर पॉझिटिव्ह येईल ना."

असंच म्हणाल्या. शब्द न् शब्द मला पाठ आहे.

"मग पालिकेचे लोक येणार," साहेब म्हणाले. "गेटवर बोर्ड, पट्ट्या. अख्खी बिल्डिंग सील. चार पिढ्या राहतोय आम्ही इथे. तिकडे शांतपणे डॉक्टर बघू. तू फक्त बरोबर चल."

"रस्त्यात श्वास अडकला तर? पेणच्या पुढे मी ऑक्सिजन कुठून आणू?"

"नाही होत काही."

"आणि मला झालं तर?"

वहिनी हसल्या. वाईट हसल्या नाहीत, समजूत घातल्यासारखं हसल्या. "अगं, तुम्हा लोकांना काही होत नाही. तुमच्यात इम्युनिटी असते. कसल्या कसल्या जागेत राहता तुम्ही, तरी असता की ठणठणीत. आणि लालबागला राहून तुला आज ना उद्या होणारच आहे. त्यापेक्षा बंगल्यात झालेलं बरं नाही का?"

तीन आठवडे मी आजार होते म्हणून अंगावर क्लोरीन मारलं. आता मला आजार होत नाही म्हणून आजाराशेजारी बसायचं. दोन्ही वेळेला बोलणारं तोंड तेच. आणि दोन्ही वेळेला मी हात वर करून उभी.

माझ्यात काहीतरी तुटलं. आवाज झाला नाही. मी एरवी त्या घरात हळू बोलायचे. तेव्हा हळू बोलले नाही.

"मी येणार नाही. आणि आजींनाही असं नेऊ देणार नाही."

"तू कोण नेऊ न देणारी?" साहेब उठले. "पायरीवर राहा आपल्या."

"पायरीवरच जाते."

आतून आजींचा आवाज आला. तुटक, धापा टाकत. "कुठे चाललोय आपण? मला कोणी विचारलंच नाही."

मी पिशवी उचलली, जिन्यात गेले आणि पालिकेच्या वॉर्डचा नंबर लावला. चाळीतल्या प्रत्येक बाईला तो पाठ होता. रुग्णाचं वय, ताप, ऑक्सिजन, पत्ता सांगितला. पलीकडच्या बाईने विचारलं, "तुम्ही पेशंटच्या कोण?"

"मी त्यांची काळजी घेते," मी म्हटलं. "माझीपण टेस्ट करा. मी तीन दिवस त्यांना हाताने भरवलंय."

हे सांगताना मला माहीत होतं माझ्या घरी काय होणार ते.

तासाभराने रुग्णवाहिका आली. आजींना खाली आणलं तेव्हा त्या डोळे मिटून होत्या. गॅलऱ्यांमधून लोक बघत होते. वहिनी खाली आल्या नाहीत.

आजी पॉझिटिव्ह निघाल्या. मीही. मला विलगीकरण केंद्रात नेलं. आमच्या मजल्याला पट्टी लागली. ज्या बायकांबरोबर मी नळावर हसले होते त्या माझ्या मुलीला गॅलरीतून ओरडल्या, "तुझ्या आईने आणलं गिरगावातून." सासूला दोन दिवस ताप आला. त्या दोन दिवसांत मी केंद्रातल्या खाटेवर बसून स्वतःला हजार वेळा विचारलं, गप्प बसून अलिबागला गेले असते तर? सासू वाचली. वाचली नसती तर मी हे इतक्या ताठ मानेने लिहिलं असतं का, मला ठाऊक नाही.

ब्युरोने माझं नाव काढून टाकलं. "कस्टमरची कंप्लेंट करणारी बाई" म्हणून.

दोन महिन्यांनी तो वॉचमन मला भायखळ्याच्या बाजारात भेटला. त्याने हात जोडले. म्हणाला, "वो पानी मारने का, मेरे को माफ करना. माँजी ठीक हैं, घर आ गयीं." मग इकडेतिकडे बघत म्हणाला, "लेकिन बिल्डिंग में सब यही बोलते हैं कि आप ही लायी थीं."

"आणि आजी? त्या काय म्हणतात?"

त्याने पुन्हा हात जोडले आणि गर्दीत निघून गेला. आजींचा फोन मला कधी आला नाही. मीही केला नाही.

मी आजही हेच काम करते. दुसऱ्या ब्युरोतून. साथीचे आजार येतात, जातात. कधी डेंग्यू, कधी कसला नवा ताप. घाबरलेली मोठी घरं अजून शहर सोडून निघतात आणि आजारी म्हाताऱ्यांसाठी बाई शोधतात. मागच्याच वर्षी दादरच्या एका घरातून फोन आला. पाचगणीला जायचंय, वडील बरोबर आहेत, उद्या बॅग भरून ये.

मी विचारलं, "ताप कोणाकोणाला आहे? टेस्ट कधी केली? रिपोर्ट पाठवा. गाडीत पेशंटबरोबर घरचं कोण बसणार?"

तो माणूस चिडला. "आतापर्यंत एकाही बाईने इतके प्रश्न विचारले नाहीत."

"मी विचारते."

"मग आम्ही दुसरी बघतो."

"बघा," मी म्हटलं.

परळ, लालबाग, कॉटन ग्रीनहून या कामाला जाणाऱ्या बायका दर रविवारी आमच्या चाळीच्या गच्चीवर जमतात. मी त्यांना हेच प्रश्न शिकवते. काही जणींना लिहितावाचता येत नाही, त्यांच्याकडून पाठ करून घेते. आधी भीतीने आवाज बारीक येतो. मग मोठा येतो. मोठा येईपर्यंत मी थांबत नाही. आमच्यातली एकही बाई रिपोर्ट बघितल्याशिवाय आता कोणाच्या गाडीत बसणार नाही. आणि आजार आम्ही आणला असं जो म्हणेल, त्याला त्याच्या दारात उभं राहून विचारू, तुझी टेस्ट कुठे आहे, दाखव.