लोटाभर पाणी

पंक्चरच्या सोल्युशनचा वास आला की मला स्वातंत्र्याच्या आधीचं केनवडचं बाजार-मैदान आठवतं, आणि कासम. तो सायकल मिस्त्री, माझा जिवलग. त्या मैदानावर आमच्यातला जिंकेल तो अकोल्याच्या सायकल-शर्यतीला जाणार होता.

चुन्याच्या गोल रेघेवर शेवटचा फेरा आला आणि आम्ही दोघंही हळू झालो. पुढं असलेल्याला मागचा ऐनवेळी गाठतो, म्हणून कोणालाच पुढं जायचं नव्हतं. शेवटी सायकली जागच्या जागी तोलून उभेच राहिलो. पाय टेकला की बाद.

माझ्या मायला वाटलं, पोरं थकली. ती लोटा घेऊन थेट रेघेवर आली. कासम जवळ होता, तिनं त्याच्यापुढंच लोटा धरला.

"दमला का रे बापू? घे, पानी पे."

कासमनं पाय टेकला. तो बाद झाला, तरी मी सुसाट सुटलो.

संध्याकाळी माझंच पंक्चर काढत बसला होता तो. मी विचारलं, "काहून टेकला पाय?"

"मायले नाही म्हनू का?"

कित्येक वर्षं ही गोष्ट मी माझ्या चलाखीची म्हणून सांगितली. आता त्यात माझी सायकल दिसतच नाही. कासम दोन्ही हातांनी लोटा धरून सावकाश पाणी पितो आहे, आणि त्याची सायकल पडू नये म्हणून माय हँडल धरून उभी आहे.