शिंगराचे गुडघे

वरात म्हटलं की मला शिसारी येते. लोक म्हणतात, बाई खडूस आहे. असेन! नव्वदच्या दशकात मी चंदनसारला जनावरांची डॉक्टर होते. कामं बहुतेक म्हशींचीच. एका फाल्गुनात वरातीला घोडी देणारा एकजण मला शिंगरू दाखवायला घेऊन गेला.

शिंगरू जेमतेम महिन्याचं. पुढचे दोन्ही गुडघे आत एकमेकांना टेकलेले, खूर बाहेर फेकलेले. आणि त्या गुडघ्यांवर डागण्या! तापल्या सळईचे गोल गोल डाग, वर हळद आणि गाडीचं काळं ऑइल थापलेलं. खालून पू वाहत होता, माश्या बसत होत्या.

"हे कोणी केलं?"

"आमच्यात करतात, डाक्टरीनबाई. डाग दिला का पाय सरल होतो."

"असं? मग तुझ्या गुडघ्यावर देऊ का एक?"

तो हसला. हसला मेला!

जखमा धुतल्या, मलम लावलं. मग खूर एका हातात धरून दुसऱ्या हाताने गुडघा हळूच बाहेर रेटला. पाय सरळ झाला! म्हणजे हाड वाकडं नव्हतं, सांधे नुसते सैल होते. माझा जीव भांड्यात पडला. खुरांची बाहेरची कड कानशीने घासून घेतली आणि त्याला दटावून सांगितलं, "पावसाळा लागेपर्यंत ह्याला इथून हलवायचं नाही. मातीत चार पावलं चालू दे, बस्स. डांबरावर नेलंस तर सगळा भार एकाच बाजूला पडेल, हाड तसंच वाकडं वाढेल. मग ब्रह्मदेव आला तरी काही करू शकणार नाही."

त्याने कानाला हात लावून कबूल केलं. पुढच्या खेपेला दोन गुडघ्यांमध्ये माझी बोटं सहज जात होती. मी त्या शिंगराचा मुकाच घेतला.

वैशाखात माझ्या धाकट्या भावाचं लग्न होतं, माणिकपूरला. वरातीला घोडी आली, तीच. आणि तिच्या खोगिराला दोरीने बांधलेलं ते शिंगरू! माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"पोराबिगर घोडी हालत नाय, बाई," घोडीवाला म्हणाला. "आनि तुमच्याच लोकांनी मागितलंय."

खरंच मागितलं होतं. काकूने मुद्दाम निरोप धाडला होता. शिंगरूवाली घोडी शुभ म्हणे, नवरीची कूस लवकर उजवते! तिने शिंगराला कुंकू लावलं, गळ्यात झेंडूची माळ घातली. बँड सुरू झाला. तापल्या डांबरावर शिंगराचे गुडघे पुन्हा एकमेकांवर आपटत होते, प्रत्येक पावलाला ते एका अंगाला कलंडत होतं, सावरत होतं.

"अगंबाई, नाचतंय बघा! शिंगरू नाचतंय!" काकू ओरडली. सगळ्यांनी टाळ्यांचा ताल धरला. कुणीतरी बँडवाल्याला ठेका वाढवायला लावलं.

मी दोरी सोडली आणि शिंगराला बाजूला ओढलं. घोडी बिथरली, भाऊ पडता पडता वाचला. आई भर रस्त्यात दात ओठ खाऊन माझ्यावर धावून आली. "लोक काय म्हणतील? तुझी डॉक्टरकी आज घरी ठेव!" मामाने माझ्या हातातून दोरी हिसकावली आणि शिंगरू परत बांधलं. त्या रात्री मी जेवले नाही. त्या माणसांच्या पंगतीत बसायचीच किळस आली.

तो सबंध मोसम ते असंच हिंडलं असणार. पाऊस सरल्यावर मी गेले. गुडघा रेटून पाहिला. ढिम्म. हाड पक्कं झालं होतं.

"तुमचं औषद काय लागलं नाय," घोडीवाला म्हणाला.

पाहुणे आले की आई आजही हौसेने लग्नाचा अल्बम काढते. वरातीच्या फोटोवर बोट ठेवून सांगते, "आमच्या वरातीत शिंगरूसुद्धा नाचलं होतं."