आत्याने बेतलेलं चाक

कल्पना करा, गाडीचं चाक टायर काढून तुमच्यासमोर आडवं ठेवलंय. मधे एक मोठं भोक, भोवती बोल्टसाठी पाच लहान भोकं. या पाचांच्या मध्यांतून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास मोजायचाय. पट्टी एका भोकावर धरता आणि बघता तर समोर भोकच नाही, दोन भोकांमधली कोरी जागा आहे. आता काय कराल?

माझी आत्या शिवणकाम करते. तिने कापड बेतायचा कागद चाकावर पसरला आणि वरून खडू घासला. भोकांचे ठसे उठले. मग तिने अशी घडी घातली की एक भोक बरोबर अर्धं दुमडलं आणि बाकीची जोडीजोडीने एकमेकांवर बसली. दुसऱ्या भोकातून तशीच दुसरी घडी. दोन्ही घड्या जिथे छेदल्या तो मध्य. तिथपासून एका भोकाच्या मध्यापर्यंतचं अंतर दुप्पट केलं, की झालं. मी व्हर्निअर कॅलिपरने ताडून पाहिलं, तंतोतंत. मला नाचावंसं वाटलं.

"अगं, घेरदार झगा असाच बेततात," आत्या म्हणाली. "तुमच्याकडे याला इंजिनिअरिंग म्हणतात का?"

ही सगळी खटपट जुन्या गाड्यांच्या डोंगरचढीच्या शर्यतीसाठी होती. आत्या कित्येक वर्षं कडेला उभी राहून ती बघायची. यंदा स्वतःच्या खटारा गाडीचं नाव दिलं होतं. पुढच्या वर्षी तो रस्ता रुंद होणार, म्हणजे शर्यत बंद. यंदा नाही तर कधीच नाही.

त्या मापाने भंगारातून शोधून आणलेली रुंद चाकं छान जुळली. रुंदी आम्ही काठापासून काठापर्यंत नाही, आत टायर टेकतो तिथे मोजली होती. मधलं भोक तेवढं लहान होतं. ते आत्याने लेथवाल्याकडून मोठं करून आणलं. हा लेथवाला केसाएवढ्या फरकालाही ढळढळीत चूक म्हणतो, म्हणून सगळे त्याला मायक्रॉन म्हणतात.

शर्यतीच्या आदल्या दिवशी आम्ही गाडी बाहेर काढली. वेग वाढला आणि स्टिअरिंग थरथरायला लागलं. सकाळी शर्यतीचे तपासनीस स्वतः एक फेरी मारून बघणार होते. अशी गाडी त्यांनी दारातूनच परत पाठवली असती.

मी चाक उतरवलं, मधलं भोक मोजलं, ते ज्या गोल उंचवट्यावर बसतं तो मोजला. भोक मोठं होतं. आमचे नट चपट्या बुडाचे, त्यामुळे चाक मध्यावर धरून ठेवणारा फक्त तो उंचवटा. भोक सैल म्हणून चाक जरासं एका अंगाला बसलं होतं.

चाक घेऊन आम्ही दोघी थेट मायक्रॉनकडे गेलो.

"अहो, तुम्हीच एवढं मोठं केलंत ना?" मी म्हणाले.

"ताईंनी सांगितलं तेवढंच केलं. मी दोनदा विचारलं, नक्की ना?"

आत्या हळूच म्हणाली, "मोजलं बरोबर होतं. वर थोडं सैल ठेवायला मीच सांगितलं. अंगाबरोबर शिवलं की बसताना उसवतं."

मायक्रॉनने चाकावर टकटक केलं. "ताई, ते लोखंड आहे. ते जेवून जाड होत नाही."

आत्या खुर्ची धरून हसली. मीही. मग तिघं कामाला लागलो. उपाय सोपा होता: सैल जागेत घट्ट बसेल असं कडं. मायक्रॉन लेथवर कडी कातत होता, मी मोजत होते, आत्या कडा घासत होती. शेवटचं कडं टक्‌ आवाज करत बसलं तेव्हा मायक्रॉननेच टाळी दिली.

सकाळी तपासनिसांनी फेरी मारली आणि बॉनेटवर नंबर चिकटवला. आत्या सुसाट वर गेली. नंबर आला खालून तिसरा. ती उतरली ती घामाघूम, डोळे चमकत. मी पाण्याची बाटली पुढे केली, ती तिने बघितलीसुद्धा नाही.

"स्टिअरिंग लोण्यासारखं," ती म्हणाली. "पण ऐक. डाव्या वळणावर चाकातून गुणगुण येते, उजव्या वळणावर अजिबात नाही. असं का गं?"