माडावरची हाक

आमच्या दादरच्या वाडीत माडी काढणारा एक भंडारी होता. माडावर चढण्याआधी तो "होऽऽ" करून ओरडायचा आणि शेंड्यावरून मला हाक मारायचा, "रावसाहेब, धोतर सावरा नि धावा! माहीमला धूर दिसतोय!" फोर्टातल्या कचेरीला नेणारी आगगाडी माझी कधी चुकली नाही.

तरी गिरगावातून नव्याने आलेल्या मला तो आरडाओरडा गावंढळ वाटला. मालकाकडे तक्रार मीच केली. त्याच्याकडचे माड गेले. नवा माणूस मुकाट्याने वर चढला, आणि वरून उघड्या न्हाणीतून माझी बायको किंचाळली. पहिली हाक बायकांनी आत जावं म्हणून असायची, हे मला तेव्हा कळलं.

आता तो जुना भंडारी वाडीच्या फाटकाशी बसलेला असतो. तिथून धूर दिसत नाही. तरी मला पाहून म्हणतो, "धावा, रावसाहेब, आलीच!"

आणि मी धावतो.