पत्र्याचा भरवसा

बाई गाडी चालवायला शिकवत. एकोणीस वर्षं त्यांच्याकडे एकच गाडी होती. तीन लाख चाळीस हजार किलोमीटर झाले होते आणि शिकाऊंनी झिजवलेल्या क्लचप्लेटा बाईंनी दरवेळी स्वतःच बदलल्या होत्या. या वेळी चढावर गाडी पुन्हा नुसतीच गुरगुरायला लागली, तेव्हा त्यांची नणंद म्हणाली, “वहिनी, आता पुरे. भंगारात दे.”

“दोन दिवसांचं तर काम आहे गं,” म्हणत बाईंनी अंगणात जॅक लावला आणि गाडीखाली शिरल्या.

क्लच म्हणजे त्यांच्या डाव्या हाताचा मळ. पण सवयीने त्यांनी स्क्रूड्रायव्हर तळाच्या पत्र्यावर टेकवून पाहिला, तर तो भिजल्या पुठ्ठ्यातून जावा तसा आरपार गेला. शिकणाऱ्याच्या सीटच्या बरोबर खाली.

बराच वेळ त्या हलल्या नाहीत. नणंदेला नुसते पाय दिसत होते.

“डोळा लागला की काय?”

“विचार करतेय. क्लच मी बदलेन गं, पण पत्राच सडलाय. ठिगळ लावलं तर शेजारी दुसरं भोक पडेल. मी एकटी असते तर चालवलीही असती. इथे लोकांच्या लेकीसुना बसतात, आधीच घाबरलेल्या.”

त्या बाहेर आल्या आणि डोळे पुसत “धूळ गेली” म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी शिकाऊंना सुट्टी कळवून बाई पाना घेऊन बसल्या. गाडी भंगारात जाण्याआधी गेल्या वर्षीच बसवलेला स्टार्टर त्यांनी सोडवला, पुसला आणि फडक्यात गुंडाळला.

“हा कुणाच्यातरी कामी येईल,” त्या म्हणाल्या.