त्यांच्या खोलीतली रेंज

मंडईतून परत आले, तर आमच्या अपार्टमेंटच्या फाटकावर माझे पती उभे होते. फेटा बांधलेले, हसरे, होते त्याच्या दुप्पट उंचीचे. त्यांना जाऊन दीड महिना झाला होता.

भाचीच्या लग्नातला तो फोटो होता. वर ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ आणि खाली लाल अक्षरांत ‘टॉवर नको! आणखी किती बळी?’ कोल्हापुरात वाढदिवस, निवड, बारावीचा निकाल, मरण, सगळ्याला फ्लेक्स लागतो, त्यामुळे फ्लेक्सचं मला नवल वाटलं नाही. खालची ओळ वाचून मात्र हातातली भाजीची पिशवी जड झाली. रस्त्यावरून जाणाऱ्या एकानं दुचाकी हळू केली, ओळ वाचली, माझ्याकडे पाहिलं आणि तो पुढे गेला.

आमच्या गच्चीवर अँटेना बसवायला एका मोबाईल कंपनीनं परवानगी मागितली होती. आम्ही इथे राहायला आलो तेव्हा आजूबाजूला ऊस होता आणि रस्त्यापलीकडे एकच टॉवर. आता उसाच्या जागी इमारती झाल्या, पण टॉवर तोच राहिला. संध्याकाळी घरोघरी क्लास, सिनेमे, परदेशातल्या मुलांचे कॉल सुरू झाले की चित्र अडकतं आणि बोलणाऱ्याचं तोंड पडद्यावर उघडंच राहतं. कंपनीचा इंजिनिअर येऊन पार्किंगमध्ये सगळ्यांना समजावून गेला होता. एका नळावर आधी एक गल्ली होती, आता सगळी वसाहत आहे, असं त्याचं म्हणणं. म्हणून लहान अँटेना जवळजवळ बसवायच्या, म्हणजे फोनला लांबून ओरडावं लागत नाही, जवळून हळू बोलता येतं. शिवाय खांबाखांबावरून लोंबणाऱ्या वायरी काढून गल्लीत जमिनीखालून फायबर टाकायची. दोन्ही कामं एकमेकांशिवाय अर्धी, असं तो म्हणाला. लोकांनी फायबरला माना डोलावल्या आणि अँटेना म्हटल्यावर माझ्याकडे पाहिलं.

कारण यांना मेंदूत गाठ झाली होती, आणि यांची अभ्यासाची खोली त्या जुन्या टॉवरसमोर होती. कॉलेजातल्या शिकवण्यातून निवृत्त झाल्यावर ते दिवसभर तिथेच वाचत बसायचे. खिडकीतून टॉवर पूर्ण दिसायचा, आणि इमारतीत रेंज सगळ्यात चांगली त्या खिडकीतच. शेवटी शेवटी त्यांना शब्द आठवेनासे झाले, तेव्हा त्याच टॉवरकडे बोट करून म्हणाले होते, “बघ, त्याचं चाललंय. माझ्याच डोक्यातलं नेटवर्क गेलंय.”

मी डॉक्टरांना स्पष्ट विचारलं होतं. त्यांनीही तितकंच स्पष्ट सांगितलं की या गाठीचा टॉवरशी संबंध जोडायला काही आधार नाही; का झाली ते बहुतेक वेळा सांगताच येत नाही. ते मला पटलं होतं. पण पटणं आणि पुरणं यांत फरक असतो. दुःखाला कुठंतरी टेकायला जागा हवी असते, आणि एक लोखंडी मनोरा समोर आयताच उभा होता. काही दुपारी मी त्याच्याकडे बघत बसले आहे. तेव्हा डॉक्टरांचे शब्द आठवायला वेळ लागायचा.

फ्लेक्सचा पुढाकार तळमजल्यावरच्या भाऊजींचा होता. त्यांची दुधाची डेअरी आहे. यांना रुग्णवाहिकेत उचलून ठेवणारे ते, स्मशानात माझ्या मुलाशेजारी उभे राहणारे ते. तेरा दिवस आमच्या घरी दूध आणि भाकरी त्यांच्याच घरून आली. अशा माणसाशी भांडायचं कसं? मी फ्लेक्सबद्दल विचारलं तेव्हा ते म्हणाले, “वैनी, परवाच्या मिटिंगला तुमी नुसतं बसा. बोलायचं काम माझं. तुमच्याकडं बघून कुणाची हात वर करायची टाप न्हाय.”

म्हणजे मला तिथे बोलायला नाही, दिसायला बोलावलं होतं.

त्याच संध्याकाळी वरच्या मजल्यावरची मुलगी आली. मुलगी म्हणजे त्या घरची सून, पण मी तिला मुलगीच म्हणते. पुण्यातल्या एका कंपनीचं काम ती घरातून करते. घरी लहान मूल, अंथरुणाला खिळलेले सासरे, आणि नवरा फिरतीवर. महिन्यात कितीदा तरी बोलता बोलता तिची लाईन तुटायची. आता कंपनीनं सांगितलं होतं की हे असंच चाललं तर पुढच्या महिन्यापासून पुण्याला येऊन बसावं लागेल. ती पुण्याला जाऊ शकत नव्हती, आणि तिच्या पगाराशिवाय ते घर चालत नव्हतं. माझ्या दारात उभी राहून तिनं विचारलं की काकांच्या खोलीत, त्या खिडकीपाशी, चार महत्त्वाच्या मिटिंगांपुरतं बसता येईल का.

मी लगेच हो म्हटलं नाही. खोली अजून आवरलेली नाही, असं काहीतरी सांगितलं. खोली आवरलेलीच होती.

ती गेल्यावर मला दीर आठवले. ते शाहूवाडीकडच्या आमच्या गावी असतात. तिथे फोन लागायला टेकावरच्या देवळापाशी जावं लागतं. हे गेले त्या दिवशी मुलानं सकाळपासून त्यांना फोन लावला. दुपारी ते बैल घेऊन टेकावरून जात असताना खिशातला फोन एकदम वाजू लागला. इथे पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. त्यांनी भावाचं तोंड पाहिलं नाही. ते कुणाला दोष देत नाहीत. फक्त आता आले की यांच्या खुर्चीवर हात ठेवून थोडा वेळ उभे राहतात.

मिटिंग पार्किंगमध्ये झाली. प्लास्टिकच्या खुर्च्या, माझी पुढच्या ओळीत ठेवलेली. फाटकावरून हे माझ्याकडे हसून बघत होते. इंजिनिअर पुन्हा बोलला. कुणीतरी भाडं किती देणार विचारलं, तर मागून टोमणा आला, “आता मढ्यावरचं भाडं खाणार व्हय?” कुणी हसलं नाही. मुलीनं उठून आपली अडचण सांगितली. भाऊजी शांतपणे ऐकून घेत होते, आणि मला ते शांत असणंच जास्त भीतीचं वाटत होतं.

मग ते उठले. “बाई, नोकरी दुसरी मिळंल. माणूस मिळतोय का बघा वैनींस्नी इचारून. सर त्या खिडकीत रोज बसायचे. रोज.” एवढं बोलून त्यांनी फाटकाकडे हात केला.

सगळे माझ्याकडे बघत होते. मी मान खाली घातली असती तरी पुरलं असतं. ठराव तिथेच संपला असता. तेरा दिवसांची भाकरी मला आठवत होती.

मी बसूनच बोलले. “भाऊजी, हे टॉवरनं गेले नाहीत. मी डॉक्टरांना विचारलंय. तुम्हाला अँटेना नको असेल तर नको म्हणा, पण यांच्या फोटोखाली यांनी कधी न म्हटलेलं लिहू नका.”

भाऊजींचा चेहरा लाल झाला. “तुमच्यासाठीच केलं की हो, वैनी,” ते म्हणाले, आणि त्या आवाजात राग नव्हता, म्हणून ऐकवलं नाही.

हात वर झाले. परवानगीच्या बाजूनं थोडे जास्त होते. भाऊजींनी हात वर केला नाही, विरोधाच्या वेळीही नाही. ते डेअरीतून विळा घेऊन आले आणि फाटकाच्या दोऱ्या स्वतः कापू लागले. फ्लेक्सची गुंडाळी त्यांनी माझ्या दारात आणून दिली. एरवी असले फ्लेक्स गोठ्यावर घालतात. “ह्याचं काय करू ते कळंना,” असं खाली बघत म्हणाले. मी ती पुस्तकांच्या कपाटामागे ठेवली. दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरून नेहमीसारखं दूध आलं, पण ते स्वतः वर आले नाहीत. अजूनही येत नाहीत.

अँटेना बसायला, फायबर यायला वेळ होता. मुलीला तेवढा वेळ नव्हता. सोमवारी सकाळी मी वर जाऊन तिला बोलावून आणलं. तिनं लॅपटॉप यांच्या टेबलावर ठेवला, खुर्चीत अगदी कडेला बसली. खिडकीत तो टॉवर होता. पडद्यावर माणसं दिसू लागली, ती बोलू लागली, आणि कुणाचंही तोंड उघडं राहिलं नाही.

मी दारात उभी होते. तिच्या केसांवर खिडकीतलं ऊन पडलं होतं. माझे पाय खिडकीचा पडदा ओढायला निघाले, जणू त्यानं टॉवर अडणार होता. टेबलापर्यंत गेले, पडद्याला हात लावला. तिनं बोलता बोलता माझ्याकडे पाहिलं.

मी पडदा सोडला, आणि तिच्या शेजारी, त्याच उन्हात, स्टुलावर बसले.